छाट

विडी घरकुलातल्या त्या खोलीला खिडकी एकच,
तीही मे महिन्यात ओलं पोतं लावून बंद केलेली.
राजमणी म्याकल उंबऱ्यात बसायची,
अर्धी घरात, अर्धी रस्त्यावर,
मांडीवर पत्र्याचं सूप,
सुपात कापलेली पानं, तंबाखू, हिरवा दोरा.
उजेड सरकला की तीही सरकायची.
चार वाजेपर्यंत
पार गटाराच्या कडेला गेलेली असायची.

मला बोलावलं बल्ब बदलायला.
"पांढरा लाव बाबू, सगळ्यात पांढरा.
हजारात शंभर छाट काढतोय तो,
म्हणतो, अक्का, तुझ्या विडीचं तोंड नीट मिटत नाही आता."

वीस वॅटची पट्टी ठोकली समोरच्या भिंतीवर.
खोली दवाखान्यासारखी उजळली.
शेजारणी बघून गेल्या.
मी दीडशे रुपये घेतले
आणि गाडीला किक मारली.

आठव्या दिवशी फोन.
"का बे, काय लावून गेलास?
डोळ्यात वाळू गेल्यागत होतंय.
पान दिसतंय, पानाची शीर दिसंना.
सूपच चमकतंय नुसतं.
छाट दोनशेवर गेली की."

त्या रात्री मला वडलांचा हात आठवला.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये ते चादरीच्या मागावर होते.
डोक्यावर एकच ट्यूब.
ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते,
डोळ्याला ते कळत नाही,
आणि फिरणारी पुली कधी कधी
थांबल्यासारखी दिसते.
थांबलीय म्हणून त्यांनी अडकलेला धागा काढायला हात घातला.
दोन पेरं.
मालक म्हणाला, झोपेत असशील.
वर मोराची एक डबल चादर दिली,
ती आम्ही कधी अंथरली नाही.

पुढं मी वायरमन झालो,
त्याच रांगेतल्या एका शेडमध्ये
शेजारशेजारच्या दोन ट्यूब दोन फेजवर टाकल्या.
एक मंदावते तेव्हा दुसरी जागी असते.
वडील बघायला आले होते.
बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले,
"एवढंच होतं?"

दुसऱ्या दिवशी राजमणीकडं गेलो
आणि पहिल्यांदा तिच्या जागेवर बसलो.
सूप मांडीवर घेतलं, मान खाली घातली.
पट्टी सरळ डोळ्यात.
भिंतीला हिरवा ऑइलपेंट, त्यातही ती,
सुपाच्या तळातही ती.
एका खोलीत मी तीन सूर्य लावून गेलो होतो,
सोलापुरात, मे महिन्यात.

पट्टी उतरवली, वर चढवली, तोंड छताकडं केलं.
छताला चुन्याचे दोन हात दिले.
सुपाच्या तळाला जुन्या परकराचं कापड.
जुना पिवळा बल्ब धुतला,
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला टोपी केली,
आणि तिच्या डाव्या खांद्यामागं टांगला,
कोर्सला शिकवलं होतं तसा.

ती बसली. दोन विड्या वळल्या.
तिसरीला हसायला लागली.
"सावली पडतीय माझ्याच हाताची."
मग बघितलं मी. ती डावरी.
तीन वेळा तिच्या घरी आलो होतो,
पैसेही तिच्या डाव्या हातातनं घेतले होते.

बल्ब उजवीकडं नेला.
तिनं पान फिरवलं, बोटानं शीर चाचपली,
मग बोट काढून नुसतीच बघितली.
काही बोलली नाही.
दोऱ्याचे तीन वेढे, तोंड मिटलं, पुढची.

महिन्याभरानं त्या गल्लीत दुसऱ्या कामाला गेलो.
चार वाजलेले.
राजमणी गटाराच्या कडेला, सूप मांडीवर.
माझा जीवच बसला.
"अक्का, बल्ब गेला काय?"
"हाय की. रात्री त्याच्यातच बसते.
छाट कमी झाली, चाळीस-पन्नास निघते."
"मग इथं?"
"आत पान दिसतंय चांगलं.
पण कोण आलं, कोण गेलं, ते कळंना."

खोलीत बघितलं,
टोपीखाली पिवळा उजेड रिकाम्या पाटावर पडलेला.
विझवून यावा का, विचार करत उभा राहिलो.
"अन् सरक जरा," ती म्हणाली,
"उजेडात उभारलायस."